नॅनच्या खोलीतली हवा

नट पडला. एवढंच झालं. पितळेचा, बोराएवढा एक नट डॅडच्या बोटांतून सुटला, स्वयंपाकघराच्या फरशीवर दोनदा टणटणला आणि घरंगळत फ्रिजखाली गेला. "गेला," डॅड म्हणाला, एखादा पाहुणा निघून जावा तसं. मी लगेच "अरे, गेला तर गेला, काढते की मी!" करत लाकडी चमचा घेऊन फरशीवर पालथी पडले, कारण त्या दिवसांत मी सगळंच लगेच करायचे. वायला गावी वक्तृत्वाची ढाल जिंकून मला चार महिने झाले होते आणि तेव्हापासून मी घरात, शाळेत, बसथांब्यावर, कुठेही, आधी तोंड उघडायचे आणि मग विचार करायचे. फ्रिजखाली धूळ होती, एक वाळका वाटाणा होता, माझी तिसरीतली केसांची पिन होती आणि पार मागे भिंतीला टेकून तो नट बसला होता. चमच्यानं तो ओढताना माझी मान वळली आणि मला डॅडचा उजवा हात दिसला, मांडीशेजारी लोंबकळणारा. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर हळूहळू फिरत होते. थांबत नव्हते. नट इथे, माझ्या नाकासमोर. आणि तिथे डॅडचा हात तो नसलेला नट अजून आवळत होता. हिवाळ्यात डॉक्टरीणबाईंनी कंपवात हा शब्द सांगितला तेव्हा मी तो शब्द वहीत लिहून ठेवला होता, त्याच्यावर चार पानं वाचलीसुद्धा होती, हुशार मुलीसारखी. पण शब्द वेगळा आणि तो हात वेगळा. मी नट मुठीत घेऊन जरा जास्तच वेळ फरशीवर पडून राहिले. फरशी गार होती. घरात तेवढीच एक गार गोष्ट होती.

एसीचं खोकं तेव्हा नऊ दिवस पॅसेजमध्ये उभं होतं. आम्ही त्याला वळसा घालून न्हाणीघरात जायचो. नॅन जाताना त्याच्यावर काठीनं टकटक करायची, "आहे का कोणी आत?" नॅन म्हणजे डॅडची आई, चौऱ्याऐंशीची. गेल्या उन्हाळ्यात तिच्या एकटीच्या घरात ती चक्कर येऊन पडली, तेव्हापासून आमच्याकडे, मागच्या खोलीत. आमच्या छतावर पाण्याचा जुना कूलर आहे, पोर्ट ऑगस्टातल्या निम्म्या घरांवर असतो तसा. ओल्या जाळीतून हवा खाली ढकलतो, त्याला सगळ्या खिडक्या बोटभर उघड्या लागतात, आणि त्याची हवा शेवटच्या खोलीपर्यंत पोहोचेस्तोवर थकून गेलेली असते. शेवटची खोली नॅनची. तिथे एसी लावायचा हे सगळ्यांना मान्य होतं. कुणी लावायचा, एवढाच प्रश्न होता, आणि तो प्रश्न डॅडला विचारणं म्हणजे माशाला पोहता येतं का विचारणं. तीस वर्षं डॅडनं दुसरं काय केलं? गावातली अर्धी थंड हवा त्याच्या हातची. लहानपणी पिकअपमध्ये शेजारी बसवून तो मला गावातून फिरवायचा आणि बोट दाखवायचा, ते निळं दार, ते औषधाचं दुकान, तो दातांचा दवाखाना, "तिथे मी आहे." खरंच असायचा. यंत्राचं बाहेरचं झाकण बसवायच्या आधी तो आतल्या बाजूला जाड काळ्या पेननं आपली अक्षरं आणि तारीख लिहायचा, पसरट, तिरकी, ऐटबाज. जुने कारागीर सगळे लिहितात. कुणी बघत नाही, बघितलं तर पुढचा कारागीर बघतो, दहा-पंधरा वर्षांनी, आणि मनात म्हणतो, बरं केलंय किंवा काय गाढवपणा केलाय. मला सहाव्या वर्षी वाटायचं की प्रत्येक घराच्या भिंतीमागे एक डॅड बसलाय आणि तोंडानं फुंकर घालतोय.

पण परवाना गेल्या वर्षी संपला होता. नव्या परवान्याचा अर्ज फ्रिजवर चुंबकाखाली होता, अर्धा भरलेला. तो मी रोज बघायचे, दूध काढताना, आणि त्या दिवशी फरशीवरून उठताना मी तो पहिल्यांदा वाचला. वरती नाव मोठं होतं, लायल केर्सविल. त्याखाली पत्ता जरा लहान. त्याखाली कामाचा अनुभव आणखी बारीक, आणि मग अक्षरं मुंगीएवढी होत होत एका ओळीच्या मध्येच थांबलेली, जणू लिहिणारा लांब लांब चालत गेला आणि दिसेनासा झाला.

त्याच संध्याकाळी मम्मीचा फोन आला. मम्मी खाणीवर असते, दोन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. फोन टेबलावर मध्ये ठेवून आम्ही तिघं त्याच्याभोवती बसायचो, शेकोटीला बसतात तसे.

"लायल, शनिवारी सत्तेचाळीस अंश म्हणतायत. माणूस बोलव."

"बोलावलाय. आलासुद्धा. बायकोशी फोनवर गप्पा मारतोय."

"विनोद नको. परवानावाला माणूस."

"होता ना परवाना. तीस वर्षं होता."

"होता," मम्मी म्हणाली. मग फोनमध्ये नुसता वारा. खाणीवर सतत वारा असतो. "आई, तुम्ही तरी सांगा त्याला."

नॅन चहात बिस्कीट बुडवत होती. "मी काय सांगू? तुम्ही ठरवा बाई. फक्त मी मरायच्या आधी ठरवा."

"मार्नी?"

आणि मी बोलले. मला कुणी नुसतं नाव घेऊन हाक मारली तरी तेव्हा भाषणच बाहेर पडायचं. मी म्हटलं की परक्या माणसाला घरात घेऊन, डॅडनं बाजूला उभं राहून बघायचं, हे आम्ही करायचं नाही. डॅडला सगळं येतं, हात लागले तर माझे घ्या, माझे दोन्ही रिकामेच आहेत. आणि एखाद्याला जमणार नाही हे घरच्यांनीच आधी ठरवून टाकलं तर त्याला जमणार तरी कसं! शेवटचं वाक्य मी ढाल जिंकलेल्या भाषणातूनच उचललं होतं. 'आमच्या गावातल्या मुली हळू का बोलतात' असा विषय होता. नॅननं चमचा कपावर वाजवून टाळ्यांसारखं केलं. डॅड हसला, पण माझ्याकडे न बघता. "ऐकलंस? वकीलच ठेवलाय मी," तो फोनला म्हणाला. मम्मी म्हणाली, "ठीक आहे," आणि तिचं ठीक आहे म्हणजे काय ते आम्हा तिघांना माहीत होतं. रात्री, नाही, रात्री कशाला, त्याच क्षणी मला आठवलं की वायलाच्या त्या सभागृहात डॅड शेवटच्या रांगेत बसला होता आणि उजवा हात त्यानं मांडीखाली घेतला होता. स्टेजवरून मला वाटलं, माझ्यासाठी धास्तावलाय बिचारा. मी इतकी स्वतःनं भरलेली होते की त्याचा हातसुद्धा माझ्याचबद्दल आहे असं मला वाटलं.

गुरुवारी शाळेतून आले तर डॅडनं पाठीचा पत्रा, म्हणजे आतलं यंत्र टांगायची पट्टी, भिंतीला मारून ठेवला होता आणि भिंतीतून आरपार भोकही पाडलं होतं. त्याच्या शेजारी अजून दोन भोकं होती, अर्धवट, ड्रिल घसरल्याची. "ती हवेशीर राहावीत म्हणून," डॅड म्हणाला. नॅन पलंगावर बसून विटांची धूळ झाडत होती, "चाळीस वर्षांपूर्वी माझी भांडी फोडायचा, आता भिंती फोडतो. प्रगती आहे." मी खूप हसले. मी त्या दिवशी खूपच हसत होते. मी यंत्र उचललं, मी नळ्या धरल्या, मी शिडीवर चढले, आणि डॅड खालून सांगत राहिला, आणि खरं सांगते, मला इतकं छान वाटत होतं, की त्याचं तीस वर्षांचं ज्ञान नळीतून यावं तसं माझ्या हातात येतंय. फक्त एक काम त्यानं मला दिलं नाही. तांब्याच्या नळीचं तोंड फुलवायचं काम. नळीचं टोक दाबून फुलासारखं उघडावं लागतं, सगळीकडून सारखं, मग त्याच्यावर नट बसतो. ते जरा जरी वाकडं झालं तर गारवा देणारा गॅस तिथून निसटतो. नट किती आवळायचा हे दाखवणारा पाना मिळतो, शेडमध्ये होताही. डॅडनं तो कधी वापरला नव्हता. त्याच्या पिढीतलं कुणीच वापरत नाही. "हाताला कळतं," असं ते म्हणतात, आणि पाना वापरणाऱ्याला हसतात. डॅडनं बाहेरच्या यंत्रापाशी गुडघे टेकले, नळी डाव्या काखेत दाबली, उजव्या हाताचं मनगट डाव्या हातानं पकडलं आणि टोक फुलवलं. घाम त्याच्या नाकावरून नळीवर पडत होता. मी कुंपणापलीकडे, लाल टेकड्यांकडे बघत राहिले. एखादा माणूस कपडे बदलताना आपण बघत नाही, तसं.

मग पंप लावून नळीतली हवा ओढली, दाबाचा काटा खाली गेला आणि खालीच राहिला. डॅडनं गॅस सोडला. फुस्स असा एक छोटा आवाज, जणू कुणीतरी फार दिवसांनी श्वास सोडला. "आता साबण," तो म्हणाला. भांडी घासायच्या साबणाचं पाणी मी ब्रशनं जोडांवर लावलं. गळती असली तर तिथे फुगा येतो. एक जोड, काही नाही. दुसरा जोड, काही नाही. तिसरा. तिसऱ्या जोडावर, नटाच्या मागच्या अंगाला, मोहरीएवढा एक फुगा उगवला. थांबला. फुगला. त्याच्यावर आकाश होतं, वाकडं, आणि माझं डोकं होतं, आणि त्यामागे डॅड. तो फुटला आणि त्याच जागी दुसरा येऊ लागला.

"फुगा दिसतो का?" डॅडनं विचारलं.

माझ्या आयुष्यातला सगळ्यात सोपा प्रश्न. हो म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर काय, त्यानं नट सोडवला असता, टोक कापलं असतं, परत गुडघे, परत काख, परत तो हात पकडणारा हात. दुसऱ्यांदा. कदाचित तिसऱ्यांदा. आणि मग तो म्हणाला असता, बोलव कुणाला तरी. मला ते वाक्य त्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. दीडशे माणसांसमोर माईक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा माझा आवाज, आणि मी अगदी हळू, गावातल्या मुली बोलतात तसं, म्हटलं, "नाही."

"नक्की?"

"नाही रे. कोरडंठाक."

त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाला, "शाब्बास." मला वाटलं, मला म्हणाला.

झाकण बसवायच्या आधी त्यानं पेन काढलं आणि आतल्या बाजूला लिहिलं. मी बघितलं नाही.

शुक्रवार हा आमच्या घरातला त्या उन्हाळ्यातला सगळ्यात सुंदर दिवस होता. मी हे लिहितेय कारण ते खरं आहे. नॅनची खोली अशी गार झाली की तिनं कपाटातून फिक्कट हिरवं लोकरी स्वेटर काढून घातलं, फेब्रुवारीत, आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात! दार उघडलं की ओरडायची, "दार लाव, गारवा पळतो!" छतावरच्या कूलरला खिडक्या उघड्या लागतात आणि याला बंद, हे तिला फार आवडलं होतं, पन्नास वर्षं उघड्या खिडक्यांनी राहिलेली बाई ती, एकेक खिडकी बंद करताना तिला आपण श्रीमंत झाल्यासारखं वाटत होतं. डॅड दोन-दोनदा काहीतरी निमित्त काढून आत जायचा, भिंतीखाली उभा राहायचा, तोंड वर करून. संध्याकाळी मम्मीला मी फोनवर एवढ्या जोरात सांगितलं की ती म्हणाली, "ऐकू येतंय गं, फोन नसता तरी आलं असतं."

आता शनिवार. शनिवारचं सांगताना माझी वाक्यं नेहमी पळायला लागतात, म्हणून मी मुद्दाम हळू सांगते. सकाळी वारा उत्तरेकडून होता. दहाला चाळीस. बाराला चव्वेचाळीस. चिमण्या बागेच्या नळाखाली चोची उघड्या टाकून बसल्या होत्या. डॅड पुढच्या खोलीत कूलरखाली आडवा झाला होता, औषधानं त्याला दुपारची गुंगी येते. मी एक वाजता नॅनला थंड पाणी द्यायला गेले. दार वीतभर उघडलं. नॅन खुर्चीत, पाठ ताठ, हिरवं स्वेटर वरच्या बटणापर्यंत लावलेलं. पडदे ओढलेले. खिडक्या बंद. यंत्राचा आवाज येत होता, हिरवा दिवा लागलेला होता.

"नॅन, बरी आहेस ना?"

"गारठलेय बघ," नॅन म्हणाली. "दार लाव. गारवा पळतो."

दाराच्या फटीतून माझ्या तोंडावर जे आलं ते गार नव्हतं. मला ते कळलं. गालांना कळलं, डोक्याला कळायला एक क्षण लागला आणि त्या एका क्षणात मी स्वतःशीच म्हणाले, बाहेरच इतकं तापलंय म्हणून तसं वाटतंय. नॅनच म्हणतेय ना गारठलेय. स्वेटर घातलंय की. पाणी तिच्या हातात दिलं आणि दार लावलं. नीट लावलं, कडी बसल्याचा आवाज येईपर्यंत. नंतर मी मनानं या दाराशी कितीतरी वेळा जाऊन उभी राहिले आहे, शाळेत, बसमध्ये, गणिताच्या तासाला. नॅनला सगळं माहीत होतं. सकाळपासून ती गरम हवेखाली बसून होती आणि ते यंत्र कुणी लावलंय हे तिला माहीत होतं, त्याचं कौतुक आदल्या दिवशी कुणी कुणी केलं हे माहीत होतं, आणि तिनं स्वेटर काढलं नाही. आई होती ती त्याची.

चारला डॅड उठून तिच्यासाठी चहा घेऊन गेला आणि मला त्याची हाक ऐकू आली. माझं नाव नव्हतं हाकेत, कुणाचंच नव्हतं.

उष्माघात होता, पण नॅन वाचली. हे आधी सांगायला हवं होतं कदाचित. ॲम्ब्युलन्सवाल्या बाईनं ते स्वेटर कात्रीनं कापून काढलं, पाठीपासून, आणि ते अर्धं-अर्धं पडून राहिलं. दवाखान्यात ती नऊ दिवस होती. ती अजून आहे, समुद्राच्या आखाताकाठी म्हाताऱ्या माणसांच्या घरात, जिथे भिंतींतून सारखी, एकसारखी, कुणाचीच सही नसलेली गार हवा येते. डॉक्टर म्हणाले, आता घरी नको. ती मला कधी मार्नी म्हणते, कधी तिच्या बहिणीच्या नावानं हाक मारते. खिडकी बघितली की विचारते, "लावलीय ना नीट?"

एसी दुरुस्त करायला माणूस मम्मीनं बोलावला, खाणीवरून, आम्हाला न विचारता. माणूस नव्हताच, प्रू नावाची बाई होती, चाळिशीची, उन्हानं रापलेली, गुडघ्यांना रबरी गाद्या बांधलेली. डॅडनं तिला मागे नेलं आणि यंत्राच्या आत नीट दिसावं म्हणून तिच्यासाठी टॉर्च धरला. मी मागच्या पायरीवर बसले होते. टॉर्चचा उजेड त्या नळ्यांवर, भिंतीवर, प्रूच्या हातांवर थरथरत होता, पाण्यावरून आल्यासारखा. थोड्या वेळानं तिनं आपल्या कपाळावरचा दिवा लावला आणि म्हणाली, "राहू दे हो लायल, दमला असाल. याच्यानं भागेल." डॅडनं टॉर्च बंद केला. बंद करायलाही त्याला दोनदा दाबावा लागला.

"ही गळती पहिल्या दिवसापासूनची," प्रू जोडाशी वाकून बोलत होती, दुष्टपणानं नाही, कामातली माणसं स्वतःशी बोलतात तसं. "तोंड एका बाजूला चिरलंय. साबण लावला होता का? लावला असता तर आंधळ्यालाही दिसलं असतं."

मी उभी राहिले. आता बोलायचं, मी स्वतःला म्हटलं. तुझं तर कामच आहे बोलणं.

"नाही लावला," डॅड म्हणाला. "विसरलो."

प्रूनं वर बघितलं, त्याच्याकडे, मग क्षणभर माझ्याकडे. तिनं टोक कापलं, नवं फुलवलं, त्या मापाच्या पान्यानं नट आवळला. टक्‌ असा आवाज आला की पुरे. एका मिनिटाचं काम. मग झाकण उचललं आणि आतलं लिहिलेलं बघून ती थांबली. तिनं झाकण जरा उजेडाकडे तिरकं केलं, डोळे बारीक करून. तेव्हा मी बघितलं. लिहिलं होतं, पण मुंगीच्या पायांनी. झाकणाच्या एका कोपऱ्यात, आखडून, कुणाला दिसू नये असं. प्रूनं पेन डॅडपुढे धरलं. "आजची तारीख?" डॅडनं मान हलवली. तिनं स्वतः लिहिलं, खाली, मोठं, आणि मला बरं वाटलं की तिनं त्याच्यावर काट मारली नाही.

ती गेल्यावर आम्ही नॅनच्या खोलीत गेलो. पलंगावर चादर नव्हती. डॅड नॅनच्या खुर्चीत बसला नाही, पलंगाच्या कडेला बसला. हात त्यानं मांडीखाली घेतला नव्हता. समोर, गुडघ्यावर ठेवला होता, आणि तो आपलं काम करत होता, नसलेला नट फिरवत होता.

"डॅड," मी म्हटलं, "त्या दिवशी मला फुगा..."

"मलाही दिसला होता," तो म्हणाला.

यंत्र घुरघुरत होतं.

"माझे डोळे चांगले आहेत, पोरी. हात गेलेत, डोळे नाही. तीन फुटांवर होतो मी. तुझ्या तोंडाकडे बघत होतो, तू काय म्हणतेस म्हणून." तो थांबला. "तू हो म्हणाली असतीस तर मी सोडून दिलं असतं. तू नाही म्हणालीस. मला वाटलं, हिला एवढं हवंय, तर असू दे."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. ती दोन अर्धवट भोकं माझ्या खांद्याशी होती, मी एकात बोट घातलं, आत विटेची कोरडी रेघ लागली. बाहेर आमच्या कुंपणावर ऊन पांढरं झालं होतं. डॅडनं तोंड वर केलं, यंत्राकडे नाही, माझ्याकडे.

"बघ बरं," तो म्हणाला, "गार येतंय का?"

मी हात वर धरला. वाऱ्यानं हातावरचे केस उभे राहिले. कपाटाचं दार उघडं होतं आणि आत हँगरवर काही नव्हतं.

"हो," मी म्हटलं.

त्यानं माझ्या तोंडाकडे आणखी थोडा वेळ बघितलं, आणि मग मान हलवली, आणि आम्ही खिडक्या बंद आहेत ना ते एकदा बघून घेतलं.